पबमधली ओपन माइक रात्र : नवख्यांना बळ द्यायचं तर काय काय सांभाळावं?

मधली_ओळ

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत होतं ते आता खरंच होऊ घातलंय, म्हणून हा धागा. ओळखीच्या एका पबमालकांनी मला ओपन माइकसाठी, म्हणजे ज्याला वाटेल त्याने येऊन काहीतरी सादर करावं यासाठी, मंगळवारची रात्र देऊ केली आहे. "मंगळवारी निम्मी टेबलं रिकामीच असतात, तुम्हाला काय गाणं-बजावणं करायचं ते करा," म्हणाले. कोपऱ्यात छोटासा उंचवटा आहे, दोन स्पीकर आहेत, एक छोटा मिक्सर आणि एक माइक आहे. बाकी सगळं मला उभं करायचंय.

माझा हट्ट एकच. ही रात्र हौशी लोकांची असावी. ज्याने आजवर फक्त आंघोळ करताना गाणं म्हटलंय, जिच्या कविता वहीच्या मागच्या पानांवरून पुढे सरकल्या नाहीत, अशांना तिथे यावंसं वाटलं पाहिजे.

हा हट्ट का, तेही सांगते. चार वर्षांपूर्वी मी अशाच एका ठिकाणी पहिल्यांदा गायले. माझं नाव पुकारलं ते चुकीचं. माइकचा स्टँड माझ्या उंचीच्या वर होता, तो खाली कसा करायचा हे मला माहीत नव्हतं आणि कुणी पुढेही आलं नाही, म्हणून दोन्ही गाणी टाचा उंचावून म्हटली. उजव्या हाताची बोटं इतकी थरथरत होती की पहिल्याच कडव्यात पिक (तारा छेडायची छोटी चकती) हातातून सुटलं आणि गिटारच्या पोटात जाऊन पडलं. उरलेलं अंगठ्याने वाजवलं. सूत्रधार काउंटरपाशी पाठ करून फोनवर बोलत होता. मी थांबले तेव्हा टाळी वाजली नाही, कारण संपलंय हेच कुणाला कळलं नव्हतं. त्यानंतर दीड वर्ष मी चारचौघांत गिटार बाहेर काढली नाही.

माझ्या मंगळवारी असं कुणाचंही होऊ नये. तर अनुभवी लोकांनो, नावं आधी घ्यावीत की त्या रात्री? प्रत्येकाला वेळ किती द्यावा? गाणी, कविता, विनोद एकत्र चालतात का? गप्पा मारणाऱ्या गिऱ्हाइकांचं काय करायचं? जे सुचेल ते लिहा.

रात्रीचा_प्रवासी

वाचनखूण साठवली. पहिल्या मंगळवारी काय झालं ते नक्की लिहा.

सूत्रधार_जुना

ताई, आधी अभिनंदन. मालकाने आपणहून रात्र देणं म्हणजे निम्मी लढाई जिंकलीत. मी सहा वर्षं अशी रात्र चालवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'दोन गाणी किंवा आठ मिनिटं, जे आधी संपेल ते' हा नियम दारावरच लावा. कविता आणि गोष्टींना पाच-सहा मिनिटं पुरतात. आता हिशेब बघा. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. पंधरा-पंधरा मिनिटांची दोन मध्यंतरं काढली की १५० उरतात. आठ मिनिटं सादरीकरणाची आणि दोन मिनिटं वायरी काढण्या-घालण्याची, म्हणजे माणशी दहा. पंधराच जण बसतात. सोळाव्याला "बघू हं" म्हणून ताटकळत ठेवू नका, पुढच्या मंगळवारची जागा तिथल्या तिथे लिहून द्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर ज्याला गावं लागतं तो परत येत नाही.

नावं दोन्ही प्रकारे घ्या. दहा आधी, पाच त्या रात्री. कारण ज्याला सगळ्यात जास्त धाकधूक असते तो आधी नाव देतच नाही. तो येतो, कडेला बसतो, पहिले चार-पाच जण ऐकतो आणि मध्यंतरात हळूच विचारतो, "एखादी जागा आहे का हो?" त्या क्षणी आपल्याकडे जागा असली पाहिजे.

यादी मी स्वतः लिहितो, कागद टेबलावर ठेवून मोकळा होत नाही. लिहिता लिहिता तीन गोष्टी विचारून होतात: नावाचा उच्चार कसा, बसून करणार की उभं राहून, आणि वायर कशाकशाला लागणार. पहिल्यांदाच येणाऱ्याच्या नावाशेजारी पेनाने एक ठिपका देतो. ठिपकेवाले तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकावर. पहिल्यांदा मी स्वतः गातो, कारण तेव्हा लोक खुर्च्या ओढत असतात आणि आवाज जुळायचा असतो, ती झळ माझ्या अंगावर येऊ दे. आणि ठिपकेवाला शेवटी तर मुळीच नको. तीन तास पोटात गोळा घेऊन बसलेल्या माणसाच्या घशात काय उरणार?

आणखी एक. माणूस उतरतो तेव्हा त्याचं नाव पुन्हा घ्या. चढताना सगळेच घेतात. उतरताना घेतलं की टाळ्या दुसऱ्यांदा येतात, आणि त्याच तो घरी घेऊन जातो.

खर्जातला_माणूस

आवाजाचं मी सांगतो, गेली बारा वर्षं तेच करतोय.

एक माइक आहे म्हणालात, तो डायनॅमिक आहे ना ते आधी बघा. पबच्या गलक्यात कंडेन्सर नको, तो ग्लासांचा किणकिणाटही तितकाच टिपतो. शुअरचा एसएम५८ हा माइक १९६६ साली बाजारात आला आणि अशा जागी अजूनही तोच सर्रास दिसतो. पडला-झडला तरी चालतो, जाळी चेपली तर तेवढी बदलता येते, आणि त्याला फँटम पॉवर (मिक्सरमधून वायरीवाटे माइकला जाणारी वीज) लागत नाही. एक माइक मात्र पुरणार नाही, दुसरा जोडीला हवाच. पेटी किंवा बासरी घेऊन कुणीतरी येतंच.

फीडबॅक, म्हणजे कानात सुई घुसवणारी ती शिट्टी, नवख्याचा धीर सगळ्यात आधी मोडते. त्याला वाटतं आपलंच काही चुकलं. खरं तर स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून परत स्पीकरमधून येतो, पुन्हा शिरतो, एवढंच असतं. म्हणून स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, तोंड लोकांकडे. गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून मॉनिटर ठेवलात तर तो माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवा, कारण कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने जवळजवळ बहिरा असतो. सुपरकार्डिऑइड असेल तर त्याची बहिरी जागा मागे पण जरा दोन्ही बाजूंना असते, मग मॉनिटर तिरका सरकवायचा. आणि जाळी मुठीत आवळून धरायची सवय बऱ्याच जणांना असते. त्याने जाळीखालची मागची वाट बंद होते, माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी सुरू.

दुसरी गोष्ट अंतराची. घाबरलेला माणूस नकळत मागे सरकतो. ओठ पाच सेंटीमीटरवरून दहावर गेले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घसरतो. मग आपण मिक्सरवर वाढवतो, आणि पुन्हा शिट्टी. म्हणून मी प्रत्येक नवख्यापाशी जातो, जाळी आणि ओठ यांच्यामध्ये तीन बोटं आडवी धरून दाखवतो आणि म्हणतो, "एवढंच अंतर ठेवा, बाकी माझ्यावर सोडा." हे वाक्य मी कधी चुकवत नाही.

गिटारचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) मिक्सरला जोडायला डीआय बॉक्स घ्या, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणारी छोटी डबी. साधी गिटारची वायर पाच-सहा मीटरच्या पुढे गेली की आवाजातली चकाकी जाते आणि गुणगुण शिरते. डीआयपासून पुढे एक्सएलआर (माइकला लावतात ती तीन पिनांची) वायर कितीही लांब न्या. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या खिशात असू द्या, कुणाच्या ना कुणाच्या गिटारची संपलेली असतेच. वायर काढण्याआधी चॅनल म्यूट, नाहीतर 'धाड' असा आवाज येतो आणि पुढच्याच्या काळजाचा ठोका चुकतो. गळ्याच्या चॅनलवर ८०-१०० हर्ट्‌झच्या खालचं कापून टाका. पायाची धपधप तिथेच असते.

आणि ताई, तुमच्या टाचांचं वाचून फार वाईट वाटलं. स्टँड खाली-वर करणं हे गाणाऱ्याचं काम नाहीच. ते आमचं.

बाराबंदी_तारा

खर्जातला_माणूस यांचा प्रतिसाद छापून मिक्सरशेजारी चिकटवावा असा आहे. माझी गिटार बारा तारांची. आठ मिनिटांतली सहा जुळवण्यात जाणार, तेव्हा माझ्या नावापुढे ठिपक्याऐवजी घड्याळ काढा :)

सूत्रधार_जुना

@बाराबंदी_तारा, जुळवणं खाली टेबलावर, क्लिपचा ट्यूनर लावून. वर आलात की पहिला झणत्कार गाण्याचाच :)

नको_नको_म्हणता

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. चाळणी असावी असं माझं स्पष्ट मत आहे. समोर बसलेल्या माणसाचाही कुणीतरी विचार करा. तो दिवसभराचा शिणवटा घालवायला आलाय. लागोपाठ तीन जण बेसूर गायले की दोन टेबलं उठतात, आणि पाच-सहा आठवड्यांत मालक म्हणतो, "पुरे आता." मग तुमचे हौशी कुठे जाणार? नावासोबत एक मिनिटाचं रेकॉर्डिंग मागवा. ज्यांची तयारी नाही त्यांना प्रेमाने सांगा, दोन महिन्यांनी या.

वहीतली_पानं

@नको_नको_म्हणता, रेकॉर्डिंग मागवलं असतं तर मी आज कविता वाचत नसते. घरात एकटीने फोनसमोर वाचलेली कविता मलाच निर्जीव वाटली असती आणि मी ती कधी पाठवलीच नसती. लोकांसमोर वाचायला लागल्यावर मला माझ्या ओळी कुठे मोडायच्या ते कळलं. दोन महिन्यांनी या म्हणता, पण त्या दोन महिन्यांत माणूस तयारी कुठे करणार? अशी जागा हीच तर तयारीची जागा आहे.

ताई, कविता आणि गाणी एकत्र नक्की चालतात, फक्त क्रम जपा. ढणढणीत गिटारच्या लगेच मागे कविता टाकली तर पहिल्या दहा ओळी हवेत जातात. मध्ये सूत्रधाराने अर्धा मिनिट बोलावं, सावकाश, खालच्या पट्टीत. खोली त्याच्या आवाजामागे खाली येते, मग कवीला बोलवावं. आणि कवीला स्टँड द्या. कागद हातात थरथरला की माइकमध्ये त्याची फडफड ऐकू येते, ती ऐकून हात आणखी थरथरतो. कागदासाठी एक साधा नोटेशन स्टँड ठेवलात की हा प्रश्न मिटतो.

सूत्रधार_जुना

@नको_नको_म्हणता, राग कसला, तुमची काळजी खरी आहे. पण तीन बेसूर गाणी लागोपाठ आली तर तो क्रम लावणाऱ्याचा दोष. कोण किती पाण्यात आहे याचा अंदाज दोन-तीन आठवड्यांत येतो. एक मुरलेला, एक नवखा, एक मुरलेला असं विणलं की खोली सावरलेली राहते. आणि चाळणीचं काम घड्याळ करतं. कसलंही सादरीकरण असो, आठ मिनिटं सगळेच सोसतात. वीस मिनिटं उत्तम गाणाऱ्यालाही सोसत नाहीत.

पाचमिनिटं_फक्त

स्टँडअपवाल्यांच्या वतीने. आमच्यात वेळ संपत आली की मागून दिवा दाखवायची पद्धत आहे, एक मिनिट उरलं की फोनचा टॉर्च वर. नवख्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्याला वाटतं कुणी चिडून करतंय. दिवा दिसला की मान हलवायची, म्हणजे सूत्रधारालाही कळतं.

एक विनंती. विनोदवाल्यांना दोघा-तिघांना सलग ठेवा, गाण्यांमध्ये एकेक पेरू नका. पहिला माणूस लोकांना हसायला तयार करतो, दुसऱ्याला त्याचा फायदा मिळतो. दुःखी गाण्यानंतर एकट्याने विनोद सांगायला उभं राहणं फार कठीण आहे. मी उभा राहिलोय. पुढच्या बाईंचे डोळे अजून ओले होते.

आणि 'आपलं झालं की सामान उचलून चालू पडायचं' ही सवय पहिल्या रात्रीपासून मोडा. असं झालं तर शेवटचा माणूस भिंतींना ऐकवतो. नाव लिहितानाच सांगा, इथे आपण एकमेकांचं ऐकतो.

काउंटरच्या_आतून

मी पबमध्ये काउंटर सांभाळते, सादर काही करत नाही. आमची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहिते.

आवाज फक्त गिऱ्हाइकांचा नसतो, आमचाही असतो. बर्फ फावड्याने उपसण्याचा, मिक्सर-ब्लेंडरचा, धुतलेले ग्लास रॅकमध्ये लावण्याचा. त्या मंगळवारच्या आधी काउंटरवरच्या लोकांबरोबर पाच मिनिटं बसा, एवढंच म्हणते. आम्हाला सांगितलं तर आम्ही बर्फ आधी भरून ठेवतो, ब्लेंडर दोन सादरीकरणांच्या मधल्या दोन मिनिटांत चालवतो, ग्लास नंतर लावतो. कुणी विचारतच नाही. टीव्ही बंद करा, नुसता आवाज कमी करून भागत नाही, हलणारं चित्र डोळे ओढून घेतं. नेहमीचं पार्श्वसंगीत पूर्ण थांबवा.

मध्यंतरं दोन ठेवा हे बरोबर, कारण ऑर्डरी तेव्हाच येतात आणि मालकाला रात्र परवडते ती त्यामुळेच. मध्यंतर आखडून आणखी दोन जण घुसवलेत तर लोक गाणं चालू असताना काउंटरपाशी येऊन ओरडून ऑर्डर देणार.

बडबड करणाऱ्या टेबलाचं म्हणाल तर माइकवरून झापू नका. मी स्वतः जाते, वाकून हळू सांगते, "ही मुलगी पहिल्यांदाच गातेय, तेवढं एक गाणं ऐकू या का?" दहातले नऊ जण ओशाळून गप्प बसतात आणि सगळ्यात मोठी टाळी त्यांचीच असते.

खर्जातला_माणूस

हे सोन्यासारखं आहे. ब्लेंडर हा शब्द माझ्या यादीत बारा वर्षांत आला नव्हता.

जुनी_तबकडी

गप्प बसवण्यावरून आठवलं. अमेरिकेत नॅशविलला ब्लूबर्ड कॅफे म्हणून जागा आहे, १९८२ साली सुरू झालेली, जेमतेम नव्वद खुर्च्यांची. गाणी लिहिणारे तिथे स्वतः येऊन आपली गाणी म्हणतात आणि सोमवारी ओपन माइक असतो. तिथला दंडक एकच, 'शूऽऽ'. गाणं चालू असताना बोलायचं नाही. गार्थ ब्रूक्स आणि टेलर स्विफ्ट दोघंही मोठे होण्याआधी त्या खोलीत गायलेत.

कवितेच्या बाजूला न्यू यॉर्कचा न्यूयोरिकन पोएट्स कॅफे. १९७३ च्या सुमारास एका कवी-प्राध्यापकाच्या राहत्या घरात सुरू झालेल्या बैठका, पुढे त्याला स्वतःची जागा मिळाली. आणि शिकागोत मार्क स्मिथ या बांधकामावर काम केलेल्या कवीने १९८६ मध्ये ग्रीन मिल या जॅझ क्लबात पोएट्री स्लॅम सुरू केला. प्रेक्षकांतलेच परीक्षक कवितेला गुण देतात तो प्रकार. गुण देण्याची कल्पना मला व्यक्तिशः नवख्यांसाठी पटत नाही, पण कविता बारमध्ये ऐकली जाऊ शकते हे त्याने दाखवून दिलं.

रात्रीचा_प्रवासी

गुण वगैरे नकोच. शाळेत पुरेसे मिळालेत.

वहीतली_पानं

सहमत. गुण आले की पहिल्यांदा वाचणारी बाई पुन्हा दिसत नाही.

शांत_श्वास

धडधडीबद्दल एक उपयोगी गोष्ट. हार्वर्डमधल्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी माणसासमोर कॅरिओकीवर गायला लावलं. गाण्याआधी काहींनी मोठ्याने म्हणायचं 'मी घाबरलोय', काहींनी म्हणायचं 'मला उत्साह आलाय'. मशीनने सूर, ताल वगैरे मोजले. उत्साह म्हणणारे जास्त नीट गायले. कारण सरळ आहे. भीतीत आणि उत्साहात शरीर एकाच तऱ्हेने वागतं, छाती धडधडते, तळवे ओले होतात. त्या धडधडीला 'शांत हो' म्हणून दाबणं अवघड, पण तिचं नाव बदलणं सोपं.

म्हणून सूत्रधारांनी "घाबरू नका" म्हणणं टाळावं. "तुमचं ऐकायची उत्सुकता आहे" म्हणावं. मी गाण्याआधी श्वास सोडायला घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावते, चार-पाच वेळा. हात थरथरायचे पूर्ण थांबत नाहीत, पण वाजवण्याजोगे होतात.

अडखळत_बोलतो

बहुतेक वेळा मी इथे फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

मी तोतरा बोलतो. गोष्टी लिहितो. दोन वर्षांपूर्वी एका ओपन माइकमध्ये माझी गोष्ट वाचली. नियम पाच मिनिटांचा होता. घरी घड्याळ लावून वाचली होती, चार मिनिटं भरली होती. तिथे तिसऱ्या वाक्यातल्या 'प' वर मी अडकलो. किती वेळ ते माहीत नाही. खोलीत कुणी हललं नाही. सूत्रधार बाई अगदी समोर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात फोन होता, टॉर्च दाखवायला. त्यांनी तो पालथा करून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. 'प' सुटला. मी गोष्ट पूर्ण वाचली. नंतर कळलं की नऊ मिनिटं झाली होती.

त्यांनी नंतर त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. "पुढची गोष्ट कधी?" एवढंच विचारलं. सूत्रधार_जुना म्हणतात तसा घड्याळाचा नियम असावाच, पण तो कधी पालथा ठेवायचा हे कळणारा माणूस त्या खुर्चीत हवा.

सूत्रधार_जुना

दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी सहा वर्षांत दोघांना वेळेवरून थांबवलंय, त्यातल्या एकाचा चेहरा आता डोळ्यांसमोर आला. त्याला आणखी दोन मिनिटं द्यायला हवी होती.

कागदपत्री

रूक्ष पण गरजेचं. दुसऱ्यांची गाणी सार्वजनिक जागी सादर करायला बहुतेक देशांत परवाना लागतो, आणि तो सहसा जागेच्या मालकाने काढायचा असतो, गाणाऱ्याने नाही. मालकांकडे तो आहे का, आणि त्यात प्रत्यक्ष सादरीकरण येतं का, हे आधीच विचारा. काही परवाने फक्त रेकॉर्ड वाजवण्यापुरते असतात. वयाची अट विचारा, सोळा वर्षांची एखादी गुणी मुलगी दारातून परत जाऊ नये. आणि विचारल्याशिवाय कुणाचंही चित्रीकरण नको. पहिल्या गाण्याची चुकलेली तान आयुष्यभर फोनांत फिरत राहिली तर तो माणूस तुम्हाला दुवा देणार नाही.

नको_नको_म्हणता

सगळं वाचलं. अडखळत_बोलतो यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. चाळणीचा मुद्दा मी मागे घेतो. तुमची गोष्ट मी रेकॉर्डिंगवरून नाकारली असती, आणि ते चूक झालं असतं.

पण प्रेक्षक टिकवण्याचा मुद्दा सोडत नाही. माझी सूचना अशी: दर मंगळवारी एक तयार कलाकार बोलवा, वीस मिनिटं. त्याच्यासाठी लोक येतील, त्याच्यासोबत नवख्यांनाही ऐकतील.

सूत्रधार_जुना

आता जुळलं. फक्त त्याला शेवटी ठेवू नका, दुसऱ्या मध्यंतराच्या लगेच आधी ठेवा. आणि अशाच कलाकाराला बोलवा जो आधीपासून येऊन बाकीच्यांचं ऐकेल. स्वतःच्या वेळेला उगवून लगेच जाणारा कितीही मोठा असला तरी नको. वीस मिनिटं द्यायची तर दोन जागा कमी होतात, यादी तेराची करा.

मधली_ओळ

मंडळी, कालचा पहिला मंगळवार पार पडला. तुमचे प्रतिसाद खरोखर छापून नेले होते.

यादीत आधीची सहा नावं होती. तयार कलाकार यावेळी बोलावला नाही. काउंटरच्या_आतून ताईंचं ऐकून दुपारीच जाऊन तिथल्या दोघांशी बोलले. त्यातला एक म्हणाला, "आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं." रात्री त्याने प्रत्येक गाण्याआधी माझ्याकडे बघून ब्लेंडर बंद असल्याची खूण केली.

पहिली मी गायले. मग मुरलेला, नवखा, मुरलेला असं विणत गेले. तीन बोटांचं अंतर सगळ्यांना दाखवलं. शिट्टी एकदाच वाजली, तीही मीच मॉनिटर वाढवला म्हणून. कविता वाचणाऱ्या आजोबांसाठी नोटेशन स्टँड होता, त्यांनी कागद ठेवला आणि मोकळे झालेले दोन्ही हात पाठीमागे बांधून वाचलं.

पहिल्या मध्यंतरात एक बाई आल्या. मैत्रिणीला सोबत म्हणून आल्या होत्या, गाणार वगैरे नव्हत्या. "जागा आहे का?" सूत्रधार_जुना, शब्दही तेच! मी ठिपका दिला, नावाचा उच्चार विचारला. वाद्य काही नव्हतं, नुसता गळा. वर आल्या, मी स्टँड खाली केला, त्यांच्या हनुवटीपर्यंत आणून घट्ट पिळला. दुसऱ्या कडव्यात शब्द विसरल्या. थांबल्या. समोरच्या टेबलावर जे चौघं सगळ्यात जास्त बडबडत होते त्यांच्यातल्या एकाने पुढची ओळ हळूच म्हणून दिली. त्या हसल्या आणि तिथून गाणं पुन्हा धरलं. उतरताना मी नाव पुन्हा घेतलं.

शेवटपर्यंत अकरा जण झाले. मालक म्हणाले, पुढचे चार मंगळवार नक्की.

एक अडचण: रात्रभर स्पीकरमधून बारीक 'घूंऽऽ' येत होतं. दिवे मंद केले की वाढायचं. @खर्जातला_माणूस, हे काय असावं?

खर्जातला_माणूस

फार छान झालं ताई, वाचून बरं वाटलं. ती घूं डिमरची, म्हणजे दिवे मंद करणाऱ्या बटणाची. दिवे आणि मिक्सर एकाच लाइनवर असतील. तिथल्या इलेक्ट्रिशियनला विचारून मिक्सर आणि स्पीकर दोन्ही डिमरपासून वेगळ्या सर्किटवरच्या एकाच सॉकेटातून घ्या, आणि माइकच्या वायरी विजेच्या वायरींना समांतर नेऊ नका, छेदायच्याच असतील तर काटकोनात छेदा. तरीही राहिली तर डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरीतली अर्थची जोड तोडणारं) बटण असतं, ते दाबून बघा. मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणीही सांगितलं तरी काढू नका, गाणाऱ्याचे ओठ माइकला लागलेले असतात.

काउंटरच्या_आतून

त्या ब्लेंडरवाल्याला माझा नमस्कार सांगा.

रात्रीचा_प्रवासी

ताई, माउथ ऑर्गनला वायर लागत नाही ना? पुढच्या मंगळवारच्या पाच मोकळ्या जागांबद्दल विचारतोय.

मधली_ओळ

नाही लागत. तीन बोटांवर धरा, बाकी आमच्यावर सोडा.